निरीक्षणगृहातल्या मुलांना सुधारणार कोण?

गुन्ह्याचा आळ आलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात टाकायचे नाही, त्याला सुधारून समाजात परत आणायचे, हे तत्त्व आपल्या देशाने कायद्याने स्वीकारलेले आहे. १९८६ चा बाल न्याय कायदा, नंतरचा २००० चा कायदा आणि १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेला २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, या तिन्ही कायद्यांचा पाया हाच आहे. कायदा अशा मुलाला गुन्हेगार म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द बोजड आहे, पण त्यामागचा विचार माणुसकीचा आहे. प्रश्न एवढाच उरतो की, सुधारण्याचे हे काम प्रत्यक्षात करणार कोण? त्यासाठी सरकारने कोणती माणसे नेमली आहेत, ती काय शिकली आहेत, त्यांना पगार किती मिळतो आणि ती किती दिवस टिकतात? चळवळीच्या व्यासपीठावर हा प्रश्न फारसा येत नाही. तो यायला हवा, कारण आत असलेली मुले बव्हंशी गरिबांची आहेत.

हे अंदाजाने म्हटलेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पूर्वी पकडलेल्या मुलांच्या कुटुंबाचे उत्पन्न छापत असे. २०१३ च्या अहवालात जवळपास निम्मी मुले वर्षाला पंचवीस हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतली होती. पंचवीस हजार वर्षाला म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. अशा घरांची वस्ती कुठे असते, हे या पानाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. ती नाल्याच्या कडेला असते, रेल्वेच्या रुळांजवळ असते, गावकुसाबाहेर असते, पारध्यांच्या पालांवर असते आणि जिथे पोलीस चौकशीविना घुसतो त्या मोहल्ल्यात असते. श्रीमंताच्या मुलाने चूक केली तर ती घरात मिटते, शाळेत मिटते, फार झाले तर वकिलाच्या कार्यालयात मिटते. आपल्या मुलाची चूक पोलीस ठाण्याच्या डायरीत जाते. म्हणून निरीक्षणगृहातला कर्मचारी कोण असावा हा प्रश्न वरवर प्रशासनाचा दिसला, तरी मुळात सामाजिक न्यायाचा आहे.

या व्यवस्थेचा इतिहासही विसरता येत नाही. मुंबईचे डोंगरीचे निरीक्षणगृह ज्या उमरखाडीच्या आवारात आहे, तो पूर्वीचा तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकरांना १०१ दिवस ठेवले तो हाच डोंगरीचा तुरुंग. १९२४ चा मुंबई बाल कायदा आला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि तुरुंगाच्या भिंतीआड मुलांना ठेवण्याचे काम सुरू झाले. दुसरीकडे, १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. १९११ च्या सुधारित कायद्याने तर या जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, परंतु ‘यांची मुले अशीच असतात’ हा समज रद्द करणारा कायदा अजून कुणी केलेला नाही. तो समज घेऊनच अनेक कर्मचारी या संस्थांत पाऊल टाकतात. इमारतीचा रंग बदलला, पाटी बदलली, नाव बदलले. आतल्या माणसाची नजर बदलायची तर त्याची निवड आणि प्रशिक्षण बदलावे लागते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. कलम १८ प्रमाणे बाल न्याय मंडळ मुलाला समज देऊन घरी सोडू शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, सामाजिक सेवा करायला सांगू शकते, परिवीक्षेवर सोडू शकते किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी विशेष गृहात ठेवू शकते. विशेष गृहात ठेवले तर त्या काळात शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण, समुपदेशन, वर्तन सुधारणेचे उपचार आणि मानसोपचाराची मदत द्यावी, असे कायद्याचेच शब्द आहेत. कलम ५३ मध्ये अन्न, वस्त्र, औषधांपासून व्यसनमुक्तीपर्यंत आणि प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक काळजी योजनेपर्यंत सेवांची यादी दिली आहे. या यादीतले एकही काम भिंत करत नाही, कुलूप करत नाही, सीसीटीव्ही कॅमेरा करत नाही. प्रत्येक कामाला शिकलेला माणूस लागतो.

२०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत शंभर मुलांच्या संस्थेसाठी माणसे किती असावीत याचा नमुना दिलेला आहे. त्यात एक अधीक्षक, तीन परिवीक्षा अधिकारी किंवा बालकल्याण अधिकारी, दोन समुपदेशक, चार काळजीवाहक, शिवाय शिक्षक, परिचारिका, बोलावल्यावर येणारा डॉक्टर, स्वयंपाकी वगैरे मंडळी आहेत. हा आकडा नीट मोजून पाहा. चार काळजीवाहक, दिवसाच्या तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरली, तर एका वेळेला शंभर मुलांमागे एक माणूस उरतो. आणि हा झाला सगळी पदे भरलेली असतानाचा हिशेब. एक पद रिकामे राहिले की रात्रीची पाळी वॉचमनवर येते. मग आत मोठी मुले लहान मुलांवर दादागिरी करतात, मारामाऱ्या होतात, मुले भिंतीवरून उड्या टाकून पळतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते की ‘बालगुन्हेगार फरार’. त्या रात्री किती काळजीवाहक कामावर होते, ही ओळ बातमीत नसते.

या सर्व पदांत परिवीक्षा अधिकाऱ्याचे पद सर्वांत महत्त्वाचे आहे, असे वकील म्हणून माझे मत आहे. कलम ८ आणि १३ प्रमाणे मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची माहिती काढून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळापुढे ठेवणे हे त्याचे काम आहे. या कागदावर मुलाचे पुढचे आयुष्य ठरते. मुलाला घरी सोडायचे की आत ठेवायचे, हे मंडळ बहुतेक वेळा हा अहवाल वाचून ठरवते.

समजा, एखाद्या भीमनगरातला सोळा वर्षांचा मुलगा मोबाईल चोरीत सापडला. परिवीक्षा अधिकाऱ्याला वेळ नाही, प्रवासभत्ता नाही, त्याच्याकडे दोन संस्था आणि एक तालुका आहे. तो वस्तीत जातच नाही. मुलाला समोर बसवून पाच प्रश्न विचारतो आणि लिहितो, ‘कौटुंबिक स्थिती हलाखीची, वडील व्यसनी, संगत वाईट, पालकांचे नियंत्रण नाही.’ अशा एकाच साच्यातल्या ओळी मी वेगवेगळ्या मुलांच्या अहवालांत वाचल्या आहेत. फक्त नाव आणि पत्ता बदललेला असतो. गरिबी हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो आणि घरी सोडण्याविरुद्धचे कारणही तीच ठरते.

आता हाच मुलगा शिकलेल्या, जबाबदार परिवीक्षा अधिकाऱ्याकडे गेला असे समजा. तो घरी जाईल. ‘ताई, पोरगा शाळेत कधीपासून जात नाही?’ असे आईला विचारेल. तेव्हा कळेल की सातवीनंतर शाळा सुटली, कारण बाप साइटवरून पडला आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला कोणी नव्हते. मोबाईल विकत घेणारा आणि मुलांना चोरीला लावणारा एक मोठा माणूस नाक्यावर आहे, हेही कळेल. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. हे कलम किती वेळा लागते? कलम पुस्तकात आहे, पण त्या माणसापर्यंत पोहोचणारा प्रश्न कुणी विचारतच नाही. मुलगा आत जातो, नाक्यावरचा माणूस दुसरा मुलगा शोधतो.

परिवीक्षा अधिकाऱ्याला म्हणूनच दोन गोष्टी आल्या पाहिजेत. समाजकार्याचे शास्त्र आले पाहिजे आणि कायदाही आला पाहिजे. केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षात ‘विधी तथा परिवीक्षा अधिकारी’ असे पद आहे. या पदासाठी कायद्याची पदवी मागतात. कल्पना चांगली आहे, पण जिल्ह्याला असा एक अधिकारी! कोर्टाची कामे, कागदपत्रे, मंत्रालयाला पाठवायचे तक्ते आणि मुलांच्या घरभेटी हे सगळे एका माणसाने करायचे. यातले कोणते काम मागे पडत असेल, हे सांगायला नको.

दुसरे पद समुपदेशकाचे. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे उपदेश असा मोठा गैरसमज आहे. ‘आईबापाचे नाव खराब केलेस, आता तरी नीट वाग,’ असे दहा मिनिटे ऐकवले की समुपदेशन झाले! वास्तवात हे काम कठीण आहे. व्हाइटनर आणि सोल्यूशन हुंगणारा मुलगा, घरात मार खाल्लेला मुलगा, स्वतः लैंगिक अत्याचाराला बळी पडलेला मुलगा आणि लैंगिक गुन्ह्याचा आरोप असलेला मुलगा, या चौघांना एकच औषध चालत नाही. मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव या कामाला हवा. गंभीर मानसिक त्रासासाठी तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञच हवा. सरकारी जाहिरातींत समुपदेशकासाठी समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी कोणतीही साधी पदवी आणि थोडाफार अनुभव पुरेसा मानतात. साध्या पदवीचा माणूस कामसू असू शकतो, याबद्दल शंका नाही. पण आपल्या मुलाच्या हाडाला प्लास्टर घालायला आपण शिकाऊ कंपाउंडर चालवून घेत नाही. मग त्याच्या मनासाठी का चालवून घ्यायचे?

या पदाच्या योग्यतेवर काय अवलंबून आहे, ते कलम १५ वाचल्यावर कळते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन मंडळ करते. त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा का, हे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात स्पष्ट केले की, मंडळात बालमानसशास्त्र किंवा मानसोपचार यांची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे. पुढे कलम २० आहे. प्रौढासारखा खटला चालून सुरक्षित ठिकाणी ठेवलेला मुलगा एकवीस वर्षांचा झाला आणि त्याची मुदत बाकी असली, की बाल न्यायालय त्याच्यात सुधारणा झाली की नाही ते तपासते. त्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा किंवा समाजसेवकाचा पाठपुरावा, प्रगतीची नोंद आणि तज्ज्ञांचे मत पाहिले जाते. त्यानंतर एक तर सुटका, नाही तर उरलेल्या मुदतीसाठी तुरुंग. आता सांगा, ज्या मुलाची प्रगतीची नोंद कुणी ठेवलीच नाही, ज्याला समुपदेशक कधी नीट भेटलाच नाही, तो आपण सुधारलो हे कशाने सिद्ध करणार? कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाची शिक्षा मुलाने भोगायची, असा हा न्याय आहे.

तिसरे पद काळजीवाहकाचे. मुलगा समुपदेशकाला आठवड्यात एखादा तास भेटतो, काळजीवाहकाबरोबर दिवसरात्र राहतो. सकाळी उठवणे, पांघरूण देणे, ताटात किती पडले ते पाहणे, रात्री रडणाऱ्या मुलाजवळ बसणे, भांडण सोडवणे, हे त्याचे काम. मुलाला माणूस म्हणून वागवले जाते की जनावर म्हणून, हे या एका माणसावर ठरते. आणि सर्वांत कमी शिक्षण, सर्वांत कमी प्रशिक्षण आणि तुटपुंजा पगार याच माणसाच्या वाट्याला आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेच्या २०२२ च्या सूचनांनुसार काळजीवाहकाचे मासिक मानधन १४,५६४ रुपये ठरवले गेले, संस्थेतल्या समुपदेशकाचे २३,१७० रुपये आणि मदतनीस तथा रात्रीच्या पहारेकऱ्याचे ७,९४४ रुपये. आठ हजारांच्या आतल्या पगारावर रात्रभर जागणाऱ्या माणसाकडून आपण बालमनाचे ज्ञान मागतो! तो बिचारा स्वतःच आपल्यातला असतो, कर्जात असतो. त्याला शिव्या घालून प्रश्न सुटणार नाही. त्याला शिकवा, त्याला कायम करा, त्याला पुरेसा पगार द्या आणि मग त्याने मुलावर हात उचलला तर त्याला घरी पाठवा.

आता मंडळाकडे वळू. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक महिला. सदस्याला मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा सक्रिय अनुभव हवा किंवा तो बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायदा यांची पदवी असलेला व्यावसायिक हवा. नेमणुकीपासून साठ दिवसांत प्रशिक्षण देणे सरकारवर बंधनकारक आहे. कागदावर ही अट चांगली आहे. पण अशी पदे राजकीय सोयीने वाटली, तर काय होते?

पुण्यातले उदाहरण ताजे आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका बिल्डरच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते मारले गेले, असा आरोप आहे. मंडळाच्या एका अशासकीय सदस्याने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देशभर संताप उसळला. मुलगा निरीक्षणगृहात गेला, २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणे बेकायदा ठरवून त्याला सोडले, आणि त्याच वर्षी सरकारने त्या मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांना पदावरून दूर केले. या प्रकरणात आपण नेमके काय शिकायचे? मुलाला जामीन देणे हा कलम १२ चा नियम आहे, अपवाद नाही. तो बिल्डरच्या मुलाला काही तासांत मिळाला, आपल्या मुलाला त्यासाठी आठवडे घालवावे लागतात, ही खरी चीड आणणारी गोष्ट आहे. दुसरे म्हणजे, दोन जीव गेल्यानंतर मुलाने काय करावे, हे ठरवण्यासाठी ज्ञान लागते. ते ज्ञान नसले की सुधारणेच्या नावाने निबंध निघतो आणि सुधारणेचे तत्त्वच लोकांच्या थट्टेचा विषय बनते. अपात्र माणूस नेमला की त्याची किंमत पुढच्या हजार मुलांना मोजावी लागते.

पदे रिकामी आहेत हे सरकारलाही ठाऊक आहे. संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी राज्यांना रिक्त पदे भरायला सांगितले आणि उच्च न्यायालयांना स्वतःहून दखल घेऊन देखरेख ठेवायला सांगितले. तरीही २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडिया जस्टिस रिपोर्टच्या बालन्यायविषयक अभ्यासात जवळपास एक चतुर्थांश मंडळे पूर्ण सदस्यसंख्येविना चालत असल्याचे आणि निम्म्याहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्याचे दिसले. कायदा चौकशी चार महिन्यांत संपवा म्हणतो.

शिकलेली माणसे मिळत नाहीत, असे कारण सरकार देते. ही धादांत थाप आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्य शिकवते आहे. निर्मला निकेतन आहे, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था आहे, नागपूरचे तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालये आहेत. तिथून आपली किती मुले-मुली एमएसडब्ल्यू होऊन बाहेर पडतात! पदवी हातात घेऊन ती अकरा महिन्यांच्या करारावर, दर वर्षी नव्याने हात जोडत काम करतात. मुलाचा विश्वास बसायला सहा महिने जातात आणि करार संपला की समुपदेशक बदलतो. आईबापांनी, शाळेने, समाजाने सोडलेल्या मुलाला सरकारही पुन्हा एकदा सोडून देते.

कंत्राटी भरतीत आणखी एक डाव आहे आणि तो आपल्या लोकांनी नीट ओळखावा. पद कायम असेल तर बिंदुनामावली लागते, आरक्षण लागते. पद कंत्राटी केले, संस्थेकडे किंवा एजन्सीकडे दिले, की बिंदुनामावली गुंडाळून ठेवता येते. २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला होता, राज्यभर विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, पण बालसंरक्षणातले कंत्राट तसेच आहे. म्हणजे आत कोंडलेली मुले आपली, आणि त्यांना सुधारणाऱ्या खुर्चीवर आपला हक्क नाही!

हा केवळ नोकरीचा मुद्दा नाही. संयुक्त राष्ट्रांचे १९८५ चे बीजिंग नियम सांगतात की, बालन्याय यंत्रणेतले कर्मचारी हे तिच्या संपर्कात येणाऱ्या मुलांच्या विविधतेचे प्रतिबिंब असले पाहिजेत, त्यात महिलांना आणि अल्पसंख्याकांना योग्य प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. १९९० चे हवाना नियम म्हणतात की, कर्मचारी पात्र असावेत, त्यांत शिक्षक, समुपदेशक, समाजसेवक, मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे असावेत, त्यांना शक्यतो कायम नेमावे आणि चांगली माणसे टिकतील इतका पगार द्यावा. भारताने बालहक्क संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेली आहे. बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाचा आग्रह साऊथबरो समितीपुढच्या १९१९ च्या साक्षीपासून धरला. ज्याच्यावर सत्ता चालते, त्याची माणसे सत्तेच्या जागी असली पाहिजेत, हा तो विचार. निरीक्षणगृहाच्या अधीक्षकाच्या खुर्चीलाही तो लागू आहे. पारध्याचे पोर बोलते ती भाषा समजणारा, वस्तीतल्या बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ कळणारा माणूस आत हवा. मात्र जात एवढीच पात्रता पुरेशी नाही. आपला माणूस आहे पण शिकलेला नाही, तर तोही मुलाला मारेलच. शिक्षण आणि जाणीव, दोन्ही हवे.

आता एक अवघड गोष्ट आपल्यातच बोलायला हवी. आपल्या मुलीवर अत्याचार झाला, आरोपी सतरा वर्षांचा निघाला, तर आपणही मोर्चात फाशीची मागणी करतो. तो संताप मला समजतो, कारण अशा आईवडिलांच्या बाजूने मी उभा राहिलो आहे. परंतु तत्त्व दोन प्रकारचे असू शकत नाही. आपल्या मुलासाठी सुधारणा आणि दुसऱ्याच्या मुलासाठी फास, असे म्हटले की कायद्यातली दुरुस्ती शेवटी आपल्याच मुलांच्या मानेवर येते. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर लोकक्षोभातून २०१५ चा कडक कायदा आला, त्याचा धाक श्रीमंतांच्या मुलांना बसला की गरिबांच्या, हे ज्याचे त्याने पाहावे. पीडित मुलीला न्याय हवाच. मदत, भरपाई, संरक्षण, वेगाने चौकशी, हे तिचे हक्क आहेत. आणि तो आरोपी मुलगा बाहेर येईल तेव्हा पुन्हा कुणाच्या मुलीला हात लावणार नाही, याची हमी तज्ज्ञ माणसांच्या दोन-तीन वर्षांच्या मेहनतीतूनच मिळू शकते. नुसते डांबून ठेवलेला मुलगा अधिक बिघडून बाहेर येतो.

चुकणाऱ्या मुलाशी कसे वागावे, हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. मज्झिम निकायातल्या राहुलोवाद सुत्तात तथागत लहानग्या राहुलाला खोटे बोलण्याविषयी शिकवतात. हातात काठी नाही. एक पाण्याचे भांडे आहे. थोडे उरलेले पाणी दाखवतात, ते सांडतात, भांडे उलटे करतात आणि मुलालाच विचारतात. मग आरशाचा दाखला देतात, की कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तिच्याकडे आरशात पाहावे तसे पाहा. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात ज्या थोड्या सुत्तांची शिफारस केली त्यात हा उपदेशही आहे. मुलाला विचार करायला लावणे, त्याला लाज न आणता त्याची चूक त्याच्या डोळ्यांपुढे ठेवणे, हेच आजचे शास्त्रही सांगते. पण भांडे हातात घेणारा शिक्षक त्या योग्यतेचा असावा लागतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक आणि काळजीवाहक ही पदे कंत्राटी न ठेवता कायम, बिंदुनामावलीप्रमाणे भरली जावीत. परिवीक्षा अधिकाऱ्याला एमएसडब्ल्यू किंवा कायद्याची पदवी आणि घरभेटीचा भत्ता असावा. घरभेट न घेता दिलेला अहवाल मंडळाने परत पाठवावा. समुपदेशकाला मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण बंधनकारक करावे. काळजीवाहकाला कामावर घेण्याआधी प्रशिक्षण द्यावे आणि त्याच्या पगारात भरीव वाढ करावी. मंडळाच्या सदस्यांची नावे, पात्रता आणि प्रशिक्षणाची तारीख जाहीर व्हावी.

आणि चळवळीचे काम? प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारावेत: आपल्या जिल्ह्यातल्या निरीक्षणगृहात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांची शैक्षणिक पात्रता काय? मंडळाने दर महिन्याला संस्थेची तपासणी करायची असते, त्या तपासणीचे अहवाल मागा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे या यंत्रणेच्या देखरेखीची जबाबदारी आलेली आहे. उत्तरे घेऊन त्यांच्या दारात जा. आपल्या तरुण वकिलांनी महिन्यातून दोन दिवस तरी बाल न्याय मंडळात मुलांसाठी विनाशुल्क उभे राहावे. समाजकार्य शिकलेल्या मुला-मुलींनी या जागांकडे पोटापाण्याची नोकरी एवढ्याच नजरेने पाहू नये. बुद्धविहारांतून मुलांसाठी अभ्यासिका चालतात, त्यात सुटून आलेल्या मुलालाही एक सतरंजी मिळाली पाहिजे. त्याला पाहून कुणी आपले पोर उठवून नेता कामा नये.

आपण जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मागतो, पुतळ्याच्या चौथऱ्याच्या उंचीवर भांडतो. आपल्या पोरांना ज्यांच्या हवाली केले आहे ती माणसे कोण आहेत, याचा हिशेबही आता मागू या. येत्या महिन्यात आपल्या जिल्ह्याचा अर्ज टाका.